सोयाबीन, बॅक आणि रात्रीची लाईन: ग्रामीण विदर्भातल्या विद्यार्थ्यांनी मानसिक उभारी कशी बांधावी

मानसिक बळ या विषयावर कॉलेजात व्याख्यान ठेवलं की वक्ता हमखास ‘विचार बदला’ इथून सुरुवात करतो. मुलं टाळ्या वाजवतात, एसटी पकडून घरी जातात, आणि घरी तेच सगळं तसंच असतं: सोयाबीनला भाव नाही, रूमचं भाडं थकलंय, गणिताचा बॅक, म्हणजे नापास राहिलेला पेपर, निघालेला नाही. विचार बदलण्याचा भाग या लेखातही आहे, पण पाचव्या पायरीवर. त्याआधी शरीर येतं, माणसं येतात, हातातली कामं येतात. हा क्रम उलटा केला की मार्गदर्शनाचा उपदेश होतो, आणि उपदेश आपल्या मुलांना घरी भरपूर मिळतो.

दारव्हा, मेहकर, अचलपूर, चिमूर अशा तालुक्याच्या गावी रोज येजा करणारे, किंवा अमरावती-नागपुरात चौघांत एक रूम करून राहणारे, घरातले पहिलेच पदवीपर्यंत पोचलेले विद्यार्थी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. एका बैठकीत वाचून संपवायचा हा लेख नाही. एक पायरी घ्या, आठवडाभर करून पहा, मग पुढची.

पहिली पायरी: आधी शरीराचा हिशोब

रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर कृषिपंपाची लाईन पुष्कळदा रात्रीच असते. बाबांसोबत किंवा भावासोबत ओलीत करायला गेलेला मुलगा पहाटे परत येतो, सहाच्या गाडीत बसतो आणि पहिल्या तासाला डुलकी घेतो. मास्तर म्हणतात, लक्ष नाही. महिनाभर असं चाललं की मुलगाही तेच म्हणायला लागतो. झोप कमी पडली की चिडचिड वाढते, वाचलेलं टिकत नाही आणि साधी अडचण डोंगराएवढी वाटते. हे मेंदूचं नेहमीचं काम आहे, स्वभावाचा दोष नाही.

म्हणून घरी एकदा बसून वाटणी ठरवा. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस रात्रीचं ओलीत कोण करणार? काका, शेजारी, बदल्यात दुसऱ्या कामाचा सौदा, काहीतरी निघतं. उन्हाळी परीक्षेच्या वेळी अकोला-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. तेव्हा दुपारी टिनाच्या खोलीत पुस्तक धरून बसण्यात अर्थ नाही. पहाटे साडेचार ते आठ अभ्यास, दुपारी झोप, संध्याकाळी गावातल्या अभ्यासिकेत किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयात, असा दिवस उलटा करून घ्या. सकाळी उपाशी निघून दुपारी तीनला घरी जेवणाऱ्यांनी पिशवीत फुटाणे-शेंगदाणे-गूळ ठेवावा. किरकोळ वाटतं, पण दुपारी बारानंतरची निराशा बरीचशी पोटातून येते.

अजून एक, जे प्रेरणादायी भाषणात कधीच ऐकू येत नाही. सतत थकवा, धाप, चक्कर असेल तर आधी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. मुलींनी तर नक्कीच. विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाणही मोठं आहे. सांधे दुखतात, वारंवार आजारपण येतं, घरात कोणाला हा आजार आहे, तर चाचणी करा. रक्त कमी असलेल्या मुलीला ‘मन खंबीर ठेव’ सांगणं हा अन्यायच आहे.

दुसरी पायरी: एक माणूस शोधा

हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशकं पाठपुरावा केला. ऊसमळ्यांचं ते बेट. गरिबी, घरातली भांडणं, बापाची दारू, आईचं आजारपण अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं पुढे कर्ती, समजूतदार, संसार-नोकरी नीट करणारी माणसं झाली. त्यांच्यात जे समान दिसलं त्यात एक गोष्ट ठळक होती: आईबापांपैकी एक, आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक, कोणीतरी एक मोठं माणूस त्यांच्या पाठीशी टिकून होतं. पुढे ॲन मास्टेन या अभ्यासिकेनं २००१ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेऊन सांगितलं की उभारी ही विरळ, अलौकिक देणगी नाही. ती अगदी साध्या, सर्वसाधारण गोष्टींतून येते.

तेव्हा कागद घ्या आणि तीन नावं लिहा. पहिलं नाव: ज्याच्यासमोर रडलं तरी चालेल. दुसरं: ज्याला कॉलेजची, फॉर्मची, परीक्षेची माहिती आहे. तिसरं: जो मध्यरात्री मोटारसायकल काढून येईल. तिन्ही कामं एकाच माणसाकडून होतील अशी अपेक्षा ठेवू नका. मैत्रीण ऐकून घेईल, पण पुनर्मूल्यांकनाची शेवटची तारीख ग्रंथपालालाच माहीत असेल. नाव सुचत नसेल तर रोजच्या गाडीतला एक-दोन वर्षं पुढचा विद्यार्थी, मामा, मेसवाली मावशी, जुन्या शाळेतले गुरुजी, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, असं फिरून पहा.

नाव लिहिणं सोपं, बोलणं अवघड. विशेषतः मुलांना. ‘टेन्शन आहे’ म्हटलं की मित्र ‘चल बे, चहा पिऊ’ म्हणतात. चहा चांगलाच, पण बोलणं राहून जातं. म्हणून पहिलं वाक्य आधीच ठरवून ठेवा. शिक्षकांना: ‘सर, दहा मिनिटं बोलायचं होतं. मार्कांचं नाही, घरचं आहे.’ मावशीला फोनवर: ‘मावशी, तू काही उपाय सांगू नको, फक्त ऐकून घे.’ हे दुसरं वाक्य मला फार कामाचं वाटतं, कारण आपल्याकडे ऐकणाऱ्याला लगेच तोडगा सांगायची घाई असते आणि बोलणारा अर्ध्यावरच गप्प होतो. फोन भावाच्या ताब्यात असलेल्या मुलींना हेही अवघड जातं. त्यांनी कॉलेजातल्या ताईंशी, मॅडमशी प्रत्यक्षच बोलावं आणि आठवड्यातली वेळ ठरवून घ्यावी.

एका माणसानंतर एक गट. सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर, कबड्डीचा संघ, गावातलं भजनी मंडळ, तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजाच्या परंपरेतली सामुदायिक प्रार्थना, काहीही. तिथं गेल्यावर काहीतरी काम अंगावर घ्या: सतरंजी टाकणं, खंजेरी धरणं, हजेरी लिहिणं. वर्नरला काउआईतल्या सावरलेल्या मुलांत हेही दिसलं होतं की घरात-गावात त्यांच्यावर खरोखरची, गरजेची जबाबदारी होती. आपल्या मुलांना याची कमतरता नाही. कापूस वेचायला, डवऱ्यामागं जायला ती असतातच. फक्त घरच्यांनी ते काम ‘तुझ्यामुळे झालं’ असं कधी म्हटलेलं नसतं.

तिसरी पायरी: तीन रकान्यांचा कागद

१९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेला प्रयोग मानसशास्त्राच्या पुस्तकांत सगळीकडे सापडतो. काहीही केलं तरी विजेचा झटका थांबत नाही असा अनुभव आलेल्या कुत्र्यांपैकी बरेच, पुढे सुटका सहज शक्य असतानाही, हललेच नाहीत. याला ‘शिकलेली असहायता’ म्हणतात. पण जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलं म्हणणं उलटं केलं. दीर्घ संकटात गप्प, निश्चल होणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे. जे शिकावं लागतं ते ‘आपल्या करण्यानं काहीतरी होतं’ हे.

दुष्काळ, गारपीट, भाव, कर्जाचे हप्ते पाहत मोठं झालेल्या घरात ‘आपलं काही होत नाही बाप्पा’ हे वाक्य का रुजतं, ते यावरून समजतं. आणि ते बदलायला भाषण पुरत नाही. आपल्या हातानं काहीतरी घडलं, हा अनुभवच लागतो.

समजा, दिग्रसजवळच्या गावातून येणारी बीएस्सी दुसऱ्या वर्षाची मुलगी आहे. भौतिकशास्त्रात बॅक आहे, शिष्यवृत्ती आली नाही, घरी लग्नाची बोलणी सुरू झालीत, सोयाबीन पावसात भिजलं. तिनं कागदाचे तीन भाग करावेत.

पहिल्या भागात जे तिच्या एकटीच्या हातात आहे ते: रोज एक तास भौतिकशास्त्र, जुन्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयातून काढणं, रात्री अकरानंतर मोबाईल बंद.

दुसऱ्या भागात जे कोणाला तरी विचारून, अर्ज करून, पाठपुरावा करून होऊ शकतं ते: महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज नेमका कोणत्या टप्प्यावर अडकलाय ते पाहणं, बँक खातं आधारला जोडलंय का तपासणं, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवणं, लग्नाचा विषय मामांमार्फत वर्षभर पुढं ढकलायला लावणं.

तिसऱ्या भागात पाऊस, भाव, परीक्षेचं वेळापत्रक.

आपली मुलं हरतात ती दुसऱ्या रकान्यात. पहिल्यात ती जीव तोडून मेहनत करतात, तिसऱ्याला नशीब म्हणून सोडतात, आणि दुसरा रकाना असतो हेच कोणी सांगितलेलं नसतं. कार्यालयाच्या खिडकीवर एकदा ‘उद्या ये’ ऐकलं की विषय संपतो. म्हणून नियम करा: दुसऱ्या रकान्यातलं एक काम रोज. कोणाला भेटलो, काय उत्तर मिळालं, पुढची तारीख कोणती, हे वहीत लिहायचं. अर्ज दोन प्रतींत, एकीवर आवक-शिक्का घ्यायचा.

योजना माहीत असणं हाही मानसिक बळाचाच भाग आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कोणता अभ्यासक्रम बसतो, कागद कोणते लागतात, हे त्या वर्षीच्या सूचनेत वाचा आणि नोटीस बोर्डाचा फोटो काढून ठेवा.

तिसऱ्या रकान्याचं काय करायचं? रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये मांडलं की ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग असतात: अडचणीवर काम करणं आणि अडचणीमुळे उठलेल्या भावनेवर काम करणं. पावसावर काम करता येत नाही, पण पावसामुळे पोटात पडलेल्या गोळ्यावर येतं. चालायला जा, मित्राशी बोला, भजनाला बसा, रडा. घोळ होतो तो अदलाबदल केली की. शिष्यवृत्तीच्या अर्जाची चिंता भजनानं जात नाही, आणि भावाची चिंता रात्रभर मोबाईलवर बाजारभाव पाहून जात नाही.

चौथी पायरी: जमतं, याचा पुरावा हातात घ्या

आत्मविश्वास कुठून येतो यावर अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ पासून सविस्तर लिहिलं. त्यांनी चार उगम सांगितले: स्वतः करून मिळालेलं यश, आपल्यासारख्या माणसाचं यश पाहणं, विश्वासातल्या माणसाचं प्रोत्साहन आणि शरीराची अवस्था. सगळ्यात दणकट पहिला. सापाची जबरदस्त भीती असलेल्या लोकांवर त्यांनी प्रयोग केले. दुसऱ्याला साप हाताळताना नुसतं पाहणाऱ्यांपेक्षा, पायरीपायरीनं स्वतः हात लावणाऱ्यांचा विश्वास जास्त वाढला. (साप बिनविषारी होते. वावरात दिसला तर हा प्रयोग करू नका.)

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं हे तत्त्व नकळत पाळतात. कोणी पहिल्याच दिवशी १६०० मीटर वेळेत मारत नाही. आज दोन चकरा, आठवड्यानं तीन, वहीत वेळ लिहिलेली. तीच मुलं अभ्यासाला बसली की मात्र अख्खं पुस्तक समोर घेतात आणि तासाभरात हरतात. बॅक राहिलेल्या विषयालाही चकरांसारखंच वागवा.

पहिल्या आठवड्यात फक्त अभ्यासक्रमाची प्रत आणि मागच्या चार-पाच परीक्षांच्या प्रश्नपत्रिका जमवा. कोणत्या घटकावर किती गुणांचे प्रश्न आलेत ते मांडा. इतकंच. वाचायचं नाही.

दुसऱ्या आठवड्यात सगळ्यात सोपा घटक घ्या, अवघड नाही. इथं मुलं ऐकत नाहीत. त्यांना वाटतं अवघड आधी संपवावं. पण तुम्हाला आधी पुरावा हवाय, आणि तो सोप्यातूनच लवकर मिळतो. रोज एक उपघटक वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा, मग उघडून राहिलेलं लाल पेननं भरा. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधल्या एका प्रयोगात उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर ४० टक्के आठवला, आणि एकदा वाचून बाकी वेळ न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारेच पुढे होते. म्हणजे रात्रभर वाचून ‘सगळं आलं’ असं जे वाटतं ते फसवं असतं, आणि परीक्षेत ‘वाचलं होतं पण आठवलं नाही’ याचं मूळ बुद्धीत कमी, पद्धतीत जास्त असतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुढचे घटक, आणि दर रविवारी घड्याळ लावून अर्धी प्रश्नपत्रिका. लाल पेन कमी होत गेलेली ती वही जपून ठेवा. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘मले काही येतच नाही’ वाटायला लागलं की तीच उघडायची.

दुसऱ्यांचं यश पाहण्याबद्दल थोडं. चौकात लागलेल्या बॅनरवरचा उपजिल्हाधिकारी पाहून छाती भरून येते, पण आपल्याला जमेल असं वाटतंच असं नाही. आपल्याच गाडीनं येजा करून, आपल्याच विषयात एटीकेटी लागून, पुढे पदवी काढलेली दोन वर्षं मोठी मुलगी जास्त उपयोगी. तिला गाठा आणि काय काय अडलं होतं ते विचारा.

पाचवी पायरी: निकालानंतर स्वतःला काय सांगता

आता विचारांकडे. नापास झाल्यावर माणूस कारण शोधतो, आणि त्या कारणात तीन फास असू शकतात: हे कायमचं आहे, हे सगळीकडेच आहे, आणि हे फक्त माझ्यामुळेच आहे. ‘आपल्यात डोकंच नाही’ या एका वाक्यात तिन्ही बसतात. ते वाक्य कागदावर लिहा आणि त्याखाली नुसती माहिती लिहा: किती गुण कमी पडले, कोणता प्रश्न सोडला, किती तास बुडाले, का बुडाले. बहुतेकदा खाली काहीतरी असं उरतं: ‘दोन घटक वाचलेच नव्हते, ऑक्टोबरात सोयाबीन काढायला पंधरा दिवस गेलो होतो.’ हेही दुःखदच आहे, पण यावर काहीतरी करता येतं. खोटं गोड बोलायची गरज नाही. नेमकं बोलायचं.

अमरावती-नागपूर-पुण्यात गेलेल्यांना आणखी एक काटा टोचतो. वर्गात इंग्रजी चालतं, तोंडून ‘मले’, ‘तुले’ निघालं की मागं कोणीतरी हसतं, आणि मन म्हणतं, ही जागा आपली नाही. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तासाभराच्या सत्रात मोठ्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले. आशय एवढाच, की सुरुवातीला सगळ्यांनाच परकं वाटतं आणि ते हळूहळू ओसरतं. मग त्यावर स्वतः लिहायला सांगितलं. २०११ मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेली त्यांची तफावत निम्म्यावर आली. आपल्याकडेही हे करता येतं. ज्युनिअरला पत्र लिहा: पहिल्या तीन महिन्यांत मला काय वाटत होतं, कशानं बरं वाटलं. लिहिताना फायदा आधी लिहिणाऱ्याचाच होतो.

मात्र कोणी खरोखर जातीवरून, भाषेवरून, गावावरून हिणवत असेल तर ‘माझ्याच मनाचा खेळ’ म्हणून गिळू नका. ते काम तिसऱ्या पायरीतल्या दुसऱ्या रकान्यातलं. लेखी तक्रार, तक्रार निवारण समिती, रॅगिंगविरोधी समिती.

सहावी पायरी: जर-तर

दिवाळीच्या सुट्टीत अभ्यास करू म्हणणाऱ्यांची पुस्तकं पिशवीतच परत येतात. पीटर गॉलविट्झर यांच्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत ठराविक मुदतीत एक अहवाल लिहायला सांगितला. नेमकं कधी आणि कुठं बसणार हे आधी ठरवायला लावलेल्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांशांनी तो पाठवला, बाकीच्यांत एकतृतीयांशांनीच. तेव्हा संकल्प नको, वाक्य हवं: ‘वेचणी संपवून हातपाय धुतले की मी पडवीत पाऊण तास बसेन.’ ‘गाडी बंद पडली तर स्टँडवरच कालचा घटक आठवून लिहीन.’ ‘बाबा रागावले तर उलट न बोलता अंगणात जाईन, रात्री आईशी बोलेन.’ तीन वाक्यं पुष्कळ झाली.

सातवी पायरी: घरावर मोठा घाव आला तर

वडील गेले, आई अंथरुणाला खिळली, कर्जात शेत गेलं. अशा वेळी वरचं सगळं काही दिवस बाजूला ठेवा. दुःखाला वेळापत्रक नसतं. जॉर्ज बोनॅनो यांच्या संशोधनात आढळलं की जवळचं माणूस गेल्यावर बरेच लोक कोणत्याही खास उपचाराशिवाय हळूहळू रोजचं आयुष्य पेलू लागतात. तेरवीनंतर मित्रांसोबत हसलात म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

दोनच कामं करा. एक, आठवडाभरात कॉलेजला लेखी कळवा, म्हणजे हजेरी, अंतर्गत गुण आणि प्रात्यक्षिकाचा मार्ग खुला राहतो. स्वतःला जमत नसेल तर मित्राला पाठवा. दुसरं, काही आठवडे उलटल्यावर लिहून पहा. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनातलं सगळ्यात जड असेल ते न थांबता लिहायचं. व्याकरण, अक्षर पाहायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही, हवं तर फाडून टाकायचं. लिहिल्यावर लगेच उदास वाटतं. फायदा पुढच्या काही आठवड्यांत दिसतो, तोही सगळ्यांना सारखा नाही. लिहून त्रास वाढतच गेला तर थांबा.

जिथं या पायऱ्या पुरत नाहीत

दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटणं, आवडीच्या गोष्टीतही मन न लागणं, झोप-भूक बिघडणं, आपण घरावर ओझं आहोत असं वाटणं, मरणाचे विचार येणं: ही आजाराची लक्षणं असू शकतात. मलेरियाला जसं कोणी ‘हिंमत धर’ म्हणत नाही, तसंच इथंही उपचारच लागतात. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा नंबर १४४१६. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलंय आणि त्याला शिक्षा नको म्हटलंय. पोलीस केसच्या भीतीनं दवाखाना टाळू नका.

मदत गावापर्यंत आणली तर लोक घेतात, हे आपल्याच भागात दिसलंय. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर बोलणं सुरू केलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

मित्राबद्दल शंका आली तर सरळ विचारा: ‘मरणाचे विचार येतात का?’ विचारल्यानं विचार पेरला जात नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, मोठ्या माणसाला कळवा, सोबत बसून फोन लावा. घरी फवारणीची औषधं असतील तर घरच्यांना ती कुलपात ठेवायला आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यायला सांगा. ‘कोणाला सांगू नको’ अशी शपथ घातली असेल तर ती मोडा.

प्राध्यापकांसाठी, थोडक्यात

सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावं. तालुक्याच्या कॉलेजात हे होईपर्यंत निदान चार गोष्टी जमतात. सलग आठवडाभर गैरहजर असलेल्याला फोन करणं आणि त्यात पहिला प्रश्न हजेरीचा न विचारणं. निकालाच्या दिवशी ग्रंथालय संध्याकाळपर्यंत उघडं ठेवणं. शिष्यवृत्तीचे अडकलेले अर्ज वर्गशिक्षकानं महिन्यातून एकदा बाबूंसोबत बसून पाहणं. आणि अंतर्गत चाचण्या सोयाबीन काढणीच्या पंधरवड्यात न ठेवता सप्टेंबरमध्येच उरकणं, कारण ऑक्टोबरात अर्धा वर्ग वावरात असतो आणि तो कुठं आहे हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक असतं.